हिलोतलं निवृत्तीचं घर: पाण्याची टाकी, अळू, लेई आणि शेजार

माउका

हवाईच्या बिग आयलंडवर, हिलो आणि त्याच्या दक्षिणेच्या पुना भागात निवृत्त जोडप्याचं रोजचं आयुष्य कसं चालतं, ही माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा धागा काढतोय. इथे सहलीची ठिकाणं नकोत. घर, पाणी, बाग, शेजारपाजार एवढ्यापुरतं ठेवू. ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी भर घाला, चुकलं तिथे दुरुस्त करा.

हिलो आणि आपलं पालघर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, १९.७ उत्तर. त्यामुळे झाडं ओळखीची दिसतात आणि कोकणातल्या माणसाला वाटतं की इथलं सगळं आपल्याला जमेल. फरक पावसात आहे. कोकणातला पाऊस चार महिन्यांत पडून जातो. हिलोत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, पण बारा महिने, आणि बहुतेक रात्री नाहीतर पहाटे. उन्हाळ्यात सगळं खडखडीत वाळवून घ्यायची सोय इथे नाही. डाळी, बेसन, रवा फ्रिजमध्ये ठेवावे लागतात आणि चामड्याच्या चपलांना पंधरा दिवसांत बुरशी धरते.

सुरुवात पाण्यापासून करतो. हिलो शहरात नळाचं पाणी आहे. पुनात मात्र बहुसंख्य घरं छपरावरच्या पावसावर चालतात: छप्पर, पन्हळ, टाकी, पंप, गाळण्या, अतिनील दिवा आणि मग नळ. टाकी सहसा १०,००० गॅलनची, म्हणजे साधारण ३८,००० लिटरची असते. बाहेरून पन्हळी पत्रा, आत अस्तर, वर जाळीदार आच्छादन.

हिशोब असा. १५० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की ३७५० लिटर होतात. त्यातले उडून, सांडून आणि पहिल्या धुण्यात गेलेले सोडले तर हाती ३२०० च्या आसपास येतात. दोन माणसं दिवसाला ३०० लिटर वापरतात असं धरलं तर हे दहा दिवसांचं पाणी झालं.

बिघडतं कुठे, ते क्रमाने सांगतो.

पन्हळीत पानं साचली की पाणी आंबतं आणि डास होतात. पहिला पाऊस बाहेर टाकणारा उभा पाइप बसवलेला असतो. त्याच्या खालचं बारीक छिद्र चिखलाने बुजलं की तो भरलेलाच राहतो आणि छपरावरची घाण थेट टाकीत जाते. दर महिन्याला बूच काढून तो धुवायचा.

गाळण्या दोन: आधी २० मायक्रॉन, मग ५ किंवा १ मायक्रॉन. नळाची धार मंदावली की आधी गाळणी बघायची, पंपाकडे नंतर. बदलताना पंप बंद, झडप बंद, गाळणीच्या डोक्यावरचं लाल बटण दाबून दाब सोडायचा आणि मगच पाना लावायचा. दाब न सोडता पाना लावला तर ताकद जाते आणि प्लास्टिकच्या डब्याला तडा जातो. आतल्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवायचा, नाहीतर पुढच्या वेळी कडं पिळवटून गळती लागते.

दिवा वर्षातून एकदा बदलायचाच. जळताना दिसतो म्हणून तो चांगला आहे असं समजू नका. प्रकाश दिसत राहतो, पण जंतू मारण्याची ताकद ९००० तासांनंतर भरवशाची राहत नाही. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर पांढरट थर धरतो, तो व्हिनेगरच्या फडक्याने पुसायचा. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही.

---

आगर

उत्तम सुरुवात. दोन प्रश्न.

१. टाकीत ब्लीच टाकतात असं ऐकलं आहे. किती टाकायचं?
२. वीज गेली की पंपही बंद आणि दिवाही बंद. मग दिव्यातून न जाता पाणी नळाला यायचा प्रश्नच नाही, बरोबर?

---

माउका

दुसरा समज फार घरांत आहे आणि तो चुकीचा आहे. पंपाजवळ एक दाबाची छोटी टाकी असते. वीज गेल्यावरही तिच्या दाबावर बरंच पाणी नळाला येत राहतं आणि ते बंद दिव्यातून आलेलं असतं. वीज गेली की नळाचं पाणी पिण्यासाठी घ्यायचं नाही, भरलेल्या बाटल्या उघडायच्या. वीज आल्यावर दिवा तापायला काही मिनिटं द्यायची, थोडं पाणी वाहू द्यायचं, मग प्यायचं.

ब्लीच बिनवासाचं आणि साधं घ्यायचं. 'न उडणारं' असं लिहिलेलं दाट ब्लीच घेऊ नका, त्यात इतर रसायनं असतात. ६ टक्क्यांच्या ब्लीचचं माप हजार लिटरला साधारण १६ मिली, म्हणजे लाखात नव्हे तर दहा लाखांत एक भाग क्लोरीन होतं. टाकी किती भरली आहे ते आधी काठीने मोजायचं. ३८,००० ची टाकी अर्धी असेल तर ३०० मिली पुरतं, पूर्ण टाकीचा हिशोब धरला तर दुप्पट पडेल. रात्री पंप बंद करून टाकायचं आणि सकाळी पाणी तपासायची पट्टी बुडवून बघायचं. पट्टीवर क्लोरीन शून्य दिसलं तर टाकीच्या तळाशी गाळ बसलेला आहे आणि तो क्लोरीन खातोय. अशा वेळी ब्लीच वाढवत बसू नका, गाळ उपसून घ्या.

आणखी एक: किलाउएआ ज्वालामुखीच्या वायूंमुळे इथला पाऊस आंबट असतो. आंबट पाणी तांब्याचे पाइप आणि जुने डाख खातं. सिंकमध्ये हिरवट निळे डाग दिसले की समजायचं. पट्टीवर आम्लता बघून खाण्याचा सोडा थोडाथोडा टाकतात. जुन्या घरात पाण्यातल्या शिशाची तपासणी करून घेतल्याशिवाय राहायला जाऊ नये. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी सकाळी झाडांना सोडायचं.

डिसेंबर २०२४ मध्ये किलाउएआच्या लाव्हाचे कारंजे थांबूनथांबून उडायला लागले. वारा फिरला की राखेबरोबर 'पेलेचे केस' वस्तीवर पडतात. हे काचेचे तंतू असतात, केसांइतके बारीक. असा इशारा आला की पन्हळीचा पाइप टाकीपासून सोडवून ठेवायचा आणि छप्पर धुऊन निघेपर्यंत पुन्हा जोडायचा नाही. ते हाताने झटकू नयेत, डोळे चोळू नयेत. ओलं करून, हातमोजे घालून गोळा करायचे. सत्तरीतल्या माणसाने त्यासाठी छपरावर चढू नये, शेजारच्या तरुणाला सांगावं.

---

समईवाली

कोरड्या आठवड्यांत काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाच्या) सार्वजनिक नळांवरून पिण्याचं पाणी आणता येतं, पुनात असे नळ आहेत. तिथे बहुतेक लोक ५ गॅलनच्या बाटल्या भरतात. भरलेली बाटली १९ किलोची होते. ती गाडीच्या डिकीतून वाकून उचलताना कंबर जाते. वयस्करांनी १० लिटरचे दोन कॅन घ्यावेत, दोन्ही हातांना सारखं वजन येतं.

आता बागेविषयी, कारण इथे बागेत उतरण्याआधी दोन जीव माहीत असलेच पाहिजेत.

पहिला म्हणजे गोगलगायी आणि शेंबड्या (इंग्रजीत स्लग), विशेषतः अर्धवट कवचाची शेंबडी. त्यांच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. पिल्लू शेंबडी तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि कोथिंबिरीच्या जुडीत दिसत नाही. आपली सवय पोहे-आमटीवर कच्ची कोथिंबीर भुरभुरण्याची, त्यामुळे हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. जुडी पाण्यात बुचकळून काढणं पुरत नाही. काडी न् काडी सुटी करून, वाहत्या पाण्याखाली, चांगल्या उजेडात, पान उलटसुलट करून धुवायची. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यावर विसंबू नका. शंका असेल तर कोथिंबीर वरून न घालता आमटी उकळतानाच घाला. आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला १५ सेकंद मिळाले की अळ्या मरतात. कढीपत्ता फोडणीत जातो, त्याची काळजी नाही.

शेंबड्या हाताने पकडायच्या नाहीत. चिमट्याने उचलून घट्ट झाकणाच्या बरणीत टाकायच्या. बरणीत मिठाचं दाट पाणी, लिटरला १५० ग्रॅम मीठ. रात्री टॉर्च घेऊन फेरी मारली की जास्त सापडतात. टाकीत शेंबडी पडून मरू शकते, म्हणूनच वरची ती ५ किंवा १ मायक्रॉनची गाळणी चुकवू नये.

दुसरा जीव म्हणजे छोटी अग्निमुंगी. लांबी दीड मिलिमीटर, रंग फिकट नारिंगी, चाल संथ. झाडाच्या फांद्यांवरही घरं करते, फांदी हलली की मानेवर पडते आणि डंखाची आग कित्येक दिवस राहते. मांजरा-कुत्र्यांच्या डोळ्यांना चावून बुबुळ पांढुरकं होतं. आहे की नाही हे बघायची रीत: चॉपस्टिकच्या टोकाला शेंगदाण्याच्या लोण्याचा पातळ हात द्यायचा, सावलीत, झाडाच्या बुंध्याशी, कुंड्यांखाली ठेवायची, पाऊण ते एक तासाने मुंग्यांसकट झिपच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची. मग मुंगी ओळखून घ्यायची. हवाई अँट लॅब हे काम करते. लोण्याचा गोळा लावू नका, मुंग्या त्यात रुतून ओळखायला येत नाहीत.

उपाय म्हणजे विषारी आमिष, दर सहा आठवड्यांनी, निदान आठ वेळा. कोरड्या दिवशीच टाकायचं. एका सरीत ते भिजलं की मुंग्या शिवत नाहीत. झाडांवर पेस्टसारखं आमिष लावावं लागतं, जमिनीवरचं तिथवर पोचत नाही. आणि एकट्या घराने करून उपयोग नाही, कुंपणापलीकडून महिन्याभरात परत येतात. गल्लीने तारीख ठरवून एकाच आठवड्यात करायचं. नव्या माणसाची शेजाऱ्यांशी खरी ओळख या कामात होते.

---

नीरफणस

समईवाली ताई, शेंबडीबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

मी खाण्याच्या झाडांवर लिहितो. पॉलिनेशियन लोक होड्यांतून जी रोपं घेऊन आले, त्यांतली निम्मी आपल्या परसात असतात: कालो म्हणजे अळू, उलू म्हणजे नीरफणस, ओलेना म्हणजे हळद, नोनी म्हणजे बारतोंडी, शिवाय केळी, ऊस, नारळ.

अळूची पानं बाजारात 'लुआउ लीफ' म्हणून मिळतात. हिलोचा बाजार रोज असतो, पण बुधवार आणि शनिवार मोठे, आणि चांगली जुडी सकाळी लवकर संपते. ही पानं आपल्या वडीच्या अळूपेक्षा जाड असतात आणि खाजही जास्त. नीट शिजली नाहीत तर घसा धरतो. फतफत्यासाठी देठं सोलून, पाणी घालून पाऊण ते एक तास मंद शिजवायचं, चिंच नेहमीपेक्षा दीडपट. एक घास जिभेवर ठेवून दोन मिनिटं थांबायचं. चुरचुरलं तर आणखी शिजवायचं. वडीला मागची शीर लाटण्याने दाबून न भागता सुरीने तासून काढायची आणि उंडा वीसऐवजी चाळीस मिनिटं वाफवायचा. बेसन 'गार्बान्झो फ्लावर' (flour) या नावाने मिळतं, पण ते जाडसर असतं. पिठात चमचाभर तांदळाचं पीठ घातलं की वडी सुटत नाही.

नीरफणसाचा भर ऑगस्ट ते नोव्हेंबर. तयार फळाच्या सालीवर चिकाचे सुकलेले ठिपके दिसतात आणि खवल्यांच्या मधे तपकिरी भेगा पडतात. हिरवंगार, टोकदार खवल्यांचं फळ काढू नका, ते रबरासारखं लागतं. देठ ठेवून काढायचं आणि देठ खाली करून अर्धा तास उलटं ठेवायचं, म्हणजे चीक निथळतो. सुरीला आणि हाताला तेल, आपल्या फणसासारखंच. कापं अर्ध्या सेंटिमीटरची करायची, मीठ-तिखट-हळद लावून, तांदळाच्या पिठात घोळवून, कमी तेलात. जाड केली तर बाहेर करपतात आणि आत कच्ची राहतात. एक फळ दोघांना संपत नाही आणि दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. चार फोडी करून, गाभा काढून, अर्धा तास वाफवून मग फ्रीझरमध्ये टाका. कच्चं गोठवलं तर काळं पडतं.

शेजाऱ्याला द्यायचं असेल तर कापं तळूनच द्या. फळ ज्याच्या त्याच्या दारात पडलेलं असतं.

---

आगर

इथल्या सभा-समारंभांत लेई, म्हणजे गळ्यात घालायची फुलांची माळ, देतात. आपल्या हारासारखीच ओवायची की पद्धत वेगळी? आणि फुलं कोणती चालतात?

---

पिकाके

माझ्या आवडीचा विषय. पिकाके म्हणजे आपला मोगरा. हवाईची राजकन्या काइउलानी हिला मोर आणि ही फुलं दोन्ही प्रिय होती, म्हणून मोराचंच नाव फुलाला पडलं. राणी लिलिउओकलानी हिचं आवडतं फूल रुई, ज्याची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो. इथे त्याला क्राउन फ्लॉवर म्हणतात आणि मधल्या मुकुटांची लेई करतात. रुईच्या चिकाचा हात डोळ्याला लागू देऊ नका, बुबुळाला इजा होते.

शिकायला चाफा (देवचाफा, इथला प्लुमेरिया) सर्वात सोपा. एका लेईला पन्नासेक फुलं. सकाळी, नुकती उमललेली, पाकळ्या ताठ असलेली तोडायची. तोडल्यावर देठाशी पांढरा चीक येतो, तो कपड्याला डाग पाडतो आणि काहींच्या कातडीला खाजवतो. फुलं थंड पाण्यात दहा मिनिटं सोडून, चाळणीत निथळून घ्यायची. ओल राहिली तर तासाभरात पाकळीच्या कडा तपकिरी होतात.

सुई लांब, ३० सेंटिमीटरची. दोरा सुती, अडीच मीटर, दुहेरी करून, शेवटी १० सेंटिमीटर मोकळा. सुई फुलाच्या तोंडातून, बरोबर मध्यभागी घालायची आणि देठाच्या टोकातून बाहेर काढायची. थोडी तिरकी गेली की फूल एका बाजूला झुकतं आणि पूर्ण माळ पिळवटलेली दिसते. सुईवर पाच-सहा फुलं जमली की एकदम खाली सरकवायची, एकेक ओढलं तर दोरा फूल कापतो. घट्ट दाबायचं नाही, फूल फुलाला नुसतं टेकलं पाहिजे. माळ साधारण एक मीटर भरली की दोन्ही टोकं बांधून गाठ फुलात लपवायची.

मोगरा वेगळा. कळ्याच ओवतात, उमलायच्या आधी तोडलेल्या, एका सराला शंभरेक. सुई देठाकडून कळीच्या टोकाकडे. आपल्या गजऱ्यासारखं गाठी मारून बांधलं तर गळ्यात टोचतं आणि ती लेई दिसत नाही. आपला गजरा मात्र इथल्या बायका कौतुकाने शिकतात, तो केसांसाठी वेगळा न्यावा.

ठेवायची तर ओल्या कागदी रुमालात, डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. वरच्या थंड कप्प्यात चाफा काळा पडतो.

रीती: लेई खांद्यांवर ठेवतात, निम्मी पुढे आणि निम्मी पाठीवर. ज्याने घातली त्याच्या समोर ती काढायची नाही. गरोदर बाईला बंद लेई देत नाहीत, दोन टोकं मोकळी असलेली देतात. वाळली की कचऱ्यात टाकायची नाही, दोरा कापून फुलं झाडाच्या बुंध्याशी घालायची. निर्माल्याचीच भावना आहे ती. समुद्रात दोऱ्यासकट सोडू नये, कासवं त्यात अडकतात. नायलॉनचा दोरा वापरू नये तो यासाठीच.

गणपतीसाठी बाहेरून काही मागवावं लागत नाही. जास्वंद कुंपणाकुंपणाला आहे, रुई आहे, आणि दूर्वा 'मानिएनिए' नावाने रस्त्याकडेला उगवतात. मालकाला विचारून तोडावं. फक्त हवाईचं राज्यफूल असलेली पिवळी स्थानिक जास्वंद तोडू नका, ती जात दुर्मिळ आहे.

---

समईवाली

माणसांविषयी थोडं.

वडीलधाऱ्यांना इथे कूपुना म्हणतात आणि अनोळखी असले तरी हाक 'आंटी' आणि 'अंकल'. आपल्या मावशी-काकांसारखंच, नुसत्या नावाने हाक मारणं उद्धट वाटतं. चपला दाराबाहेर. दिशा सांगताना डोंगराकडे म्हणजे माउका, समुद्राकडे म्हणजे माकाई.

हिलोत कामाना सीनियर सेंटर आहे. तिथे उकुलेले (गिटारसारखं छोटं वाद्य), हुला (इथला नाच), हस्तकला असे ज्येष्ठांचे वर्ग चालतात. उकुलेलेच्या चार तारा जी-सी-ई-ए सुरांत लावतात आणि सी, एफ, जी-७ या तीन पकडींवर गटात बसून साथ करता येते. हुलात पहिलं पाऊल काहोलो: उजवा बाजूला, डावा जवळ, उजवा बाजूला, डावा टेकवायचा, मग उलट. गुडघे सतत किंचित वाकलेले हवेत. गुडघेदुखी असेल तर खुर्चीवर बसून हातांचा हुला करू द्या असं सांगावं, शिकवणारे करू देतात.

जुलै-ऑगस्टमध्ये जपानी बौद्ध मंदिरांत बोन नृत्य असतं, आळीपाळीने वेगवेगळ्या मंदिरांत. मधे लाकडी मचाण, त्यावर ढोल, भोवती फेर. भोंडल्यात फेर धरलेल्या बाईला हे दोन फेऱ्यांत येतं. आतल्या वर्तुळात जाणकार असतात, बाहेरच्यांनी त्यातल्या एकीवर नजर ठेवायची. खाणकामगारांच्या नाचात फावडं मारणं, टोपली खांद्यावरून टाकणं, कपाळावर हात धरून बघणं, गाडी ढकलणं असा क्रम येतो. सपाट, मागे पट्टा असलेल्या चपला घाला, गवतावर साध्या स्लिपर निसटतात.

एकत्र जेवणाला भात यजमानांकडे असतोच, तो नेऊ नका. बटाटेवडे, केळ्याचा शिरा, कोशिंबीर संपते. शेजारी कागदावर घटक लिहून ठेवा, शेंगदाणे असतील तर ठळक. शाकाहारी असाल तर 'मांस आहे का' एवढंच विचारून भागत नाही. भाजीच्या रस्साला माशाचं पाणी किंवा सुकी कोळंबी असू शकते, तसं थेट विचारा. निघताना उरलेलं बांधून देतात, रिकामा डबा बरोबर न्यावा. पुढच्या वेळी तो डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याला सांगायला नको.

---

माउका

दोन वेळा लक्षात ठेवायच्या. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी पावणेबारा वाजता भोंगे वाजतात, ती चाचणी. एरवी वाजला तर रेडिओ लावायचा. हिलोने १९४६ आणि १९६० मध्ये त्सुनामीत माणसं गमावली आहेत. किनाऱ्याजवळ असताना जोराचा भूकंप जाणवला तर भोंग्याची वाट न बघता चढाकडे निघायचं. घरात १४ दिवसांचं अन्न, पाणी आणि औषधं ठेवायची.

भारत साडेपंधरा तास पुढे, वर्षभर तेवढाच, कारण इथे घड्याळ बदलत नाही. इथल्या दुपारी चार ते सात म्हणजे तिथली दुसऱ्या दिवशीची सकाळ साडेसात ते साडेदहा, फोनला हीच वेळ बरी. तिथीसाठी भारतातलं कॅलेंडर चालत नाही. हिलोतला सूर्योदय होतो तेव्हा भारतात त्याच तारखेची रात्र झालेली असते, तिथी बदललेली असू शकते. हिलोचं ठिकाण घालून काढलेलं पंचांग बघावं.

---

आगर

शेवटचा प्रश्न. मुलांकडे कॅलिफोर्नियाला जाताना लेई आणि परसातला कढीपत्ता नेता येतो का?

---

पिकाके

मुख्य भूमीकडे जाताना विमानतळावर सामान आधी कृषी तपासणीतून जातं. चाफा, मोगरा, ऑर्किडची लेई चालते. लिंबूवर्गातली फुलं-पानं असलेली चालत नाही, आणि कढीपत्ता त्याच वर्गातला, तो काढून घेतात. माती लागलेलं काहीही नाही, कच्चं रताळं नाही, ऊस नाही. अननस आणि नारळ नेता येतात. लेई डब्यात, ओल्या कागदात, हातातल्या सामानात घ्या, आणि तपासनीसाने विचारायच्या आधीच उघडून दाखवा.